पेशंटच्या घरची परिस्थिती विचारणं हे फॅमिली डॉक्टरचं काम आहे का?

प्रश्न असा आहे: एक तरुण डॉक्टर आहेत, एमबीबीएस नंतर फॅमिली मेडिसिन केलंय, आणि आता इंदूरलाच सुदामा नगरच्या बाजूला वडिलांच्या क्लिनिकमध्ये बसायला लागल्यात. त्या विचारतात की पेशंटला घरचं, पैशाचं, नोकरीचं विचारावं का. वडील म्हणतात आपण औषध द्यायचं, लोकांचे संसार चालवायचे नाहीत. वेळ नसतो, पेशंटला राग येईल असं वाटतं, आणि विचारलं तरी पुढे करायचं काय. आणि करायचंच तर सुरुवात कुठून करायची.

विचारा. कसं आणि किती ते सांगतो, जरा लांबेल.

तुमच्या वडिलांना मी चूक म्हणणार नाही. त्यांच्या पिढीला विचारावं लागतच नव्हतं. इंदूरच्या रामबाग, नारायण बाग, जेल रोड इकडचा डॉक्टर त्याच गल्लीत राहायचा, कोणाची नोकरी गेली, कोणाची मुलगी माहेरी परत आली, कोणी दुकान गहाण टाकलं हे त्याला भाजी आणताना कळायचं आणि मग औषध लिहिताना ते डोक्यात असायचं, फक्त तो त्याला वेगळं नाव देत नव्हता. आज तुमच्याकडे येणारा पेशंट दहा-बारा किलोमीटरवरच्या नव्या कॉलनीतून येतो, तुम्ही त्याचं घर पाहिलेलं नाही, त्याच्या शेजाऱ्याला ओळखत नाही. त्यांना जे आपोआप मिळायचं ते तुम्हाला विचारून मिळवावं लागणार, एवढाच फरक आहे. वडिलांना हे अशा भाषेत सांगून बघा, पटेल त्यांना.

माझी प्रॅक्टिस १९९४ पासून परदेशीपुरा-पाटनीपुऱ्याच्या बाजूला आहे, म्हणजे सगळा मिलचा इलाका. हुकुमचंद ही कापडाची मिल १९९१-९२ मध्ये बंद पडली त्यानंतर दोनेक वर्षांनी मी तिथे बसायला लागलो. पहिली दोन-तीन वर्षं मला कळतच नव्हतं की पंचेचाळीस-पन्नासच्या माणसांचं बीपी असं काय वाढतंय, झोप का नाही, पोटात जळजळ का, आणि मी आपला अँटासिड आणि झोपेच्या गोळ्या लिहितोय. मिल गेली तसं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही गेलं, म्हणजे नंदा नगरच्या हॉस्पिटलातून फुकट मिळणारं औषध बंद, आणि माझ्यासमोर बसलेला माणूस ते सांगणार नाही कारण काल-परवापर्यंत तो पगारदार होता. त्यांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा चेक निघाला तो २५ डिसेंबर २०२३ ला. मधल्या तीस वर्षांत माझे कितीतरी पेशंट गेले. त्यांच्या केस पेपरवर मी हायपरटेन्शन लिहिलंय, मिलबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, आणि ते मला अजून लागतं.

आता डॉक्टर लोक विचारत का नाहीत याबद्दल. मीटिंगला, लग्नात, कुठेही डॉक्टर भेटले आणि हा विषय काढला तर तत्त्व म्हणून कोणीच नाही म्हणत नाही. हो हो, परिस्थितीचा परिणाम होतो, सगळ्यांना मान्य. मग पुढचं वाक्य येतं, वेळ कुठे आहे. वेळेचं खरंच आहे, मी दिवसाला पन्नास-साठ पेशंट बघतो, तुम्हीही बघाल. पण मला विचाराल तर वेळेच्या मागे दुसरी एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही, आणि ती म्हणजे भीती. बाईने सांगितलं की घरात दोन दिवस धान्य नाही, तर मी काय लिहू? आपल्याला कॉलेजमध्ये शिकवलंय की प्रश्न विचारला की उत्तराला औषध असतं. ज्याला औषध नाही असं काही ऐकून घ्यायची सवय नाही, मग आपण तो प्रश्नच टाळतो आणि त्याला वेळ नाही असं नाव देतो. मी स्वतः बरीच वर्षं हेच केलं.

त्यातून बाहेर कसा आलो ते सांगतो. चौपन्न वर्षांच्या एक बाई होत्या, शुगर आठ महिने तीनशेच्या आसपास. मी ग्लिमेपिराइड, म्हणजे पोट रिकामं असलं तर शुगर फार खाली नेणारी गोळी, एक मिलिग्रॅमवरून दोन केली, दोनवरून चार केली, आणि दर वेळी पथ्य पाळा म्हणून रागावलो. एकदा माझ्या रिसेप्शनवरच्या ताईने सहज सांगितलं की सर ती गोळी एक दिवसाआड घेते. मग बसून विचारलं. सकाळी साडेसहाला घरून निघायची, चार घरी स्वयंपाक करायची, आणि पोटात पहिलं अन्न जायचं दुपारी दोनला. मी लिहिलं होतं नाश्त्यानंतर एक. तिच्या दिवसात नाश्ता नव्हताच. गोळी घेतली की अकराच्या सुमारास घाम, थरथर, डोळ्यासमोर अंधारी, एकदा तर लोकांच्या ओट्यापाशीच बसली, म्हणून तिने तिची ती अक्कल चालवून दिवसाआड केली, आणि बरोबरच केलं, नाहीतर माझ्या चार मिलिग्रॅमने ती कुठेतरी पडली असती. मी ग्लिमेपिराइड बंद केली, शुगरचीच मेटफॉर्मिन दुपारच्या जेवणाबरोबर, आणि सोबत सिटाग्लिप्टिन ही दुसरी गोळी, जी २०२२ मध्ये पेटंट संपल्यावर परवडण्यासारखी झालीय. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे सरासरी शुगर सांगणारी तपासणी, १०.२ चं ७.८.

यात मी तिची गरिबी दूर केली का? नाही. चार घरचं काम सुटलं का? नाही. मी फक्त माझं प्रिस्क्रिप्शन तिच्या दिवसाला बसेल असं केलं, आणि ते तर माझंच काम होतं ना. तुमचा तिसरा प्रश्न होता की विचारून पुढे करायचं काय, त्याचं निम्म्याहून जास्त उत्तर इथेच आहे. बहुतेक वेळा सगळ्यात आधी आपलं औषध बदलतं. वेळ बदलते, डोस बदलतो, चारच्या जागी दोन गोळ्या होतात, जी तपासणी आत्ता नाही केली तरी चालेल ती मागे जाते.

अजून दोन सांगतो. चोइथराम मंडीत भाजी विकणाऱ्या बाई, बीपीच्या गोळीत पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी मिसळलेली होती. मंडीत बायकांनी जायची सोय नाही, म्हणून ती पाणीही पीत नव्हती आणि ती गोळीही घेत नव्हती, बीपी १७०, वर दर दोन महिन्यांनी लघवीला जळजळ. ती बदलून ॲम्लोडिपिन ही बीपीची साधी गोळी दिली, घरी पोचल्यावर पाणी भरपूर प्यायला सांगितलं. दुसरं, इन्सुलिन. मे महिन्यात आपल्याकडे बेचाळीस डिग्री होते आणि आपण गृहीत धरतो की सगळ्यांकडे फ्रिज आहे. विचारा. नसेल तर मातीच्या मडक्यात, ओल्या कापडात गुंडाळून, व्हायल प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी राहील अशी ठेवायला शिकवा, आणि महिन्याच्या वर तीच व्हायल वापरू नका म्हणून सांगा. हे मी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून देतो.

राग येईल का याबद्दल. रेशन कार्ड कुठलं आणि पगार किती असं विचारलंत तर येईल, तो सरकारी प्रश्न वाटतो. कॅनडात ओंटारियोच्या फॅमिली डॉक्टरांनी गरिबी ओळखायला एक साधा प्रश्न वापरात आणला, महिन्याच्या शेवटी खर्चाची तोंडमिळवणी करताना कधी अडचण येते का, अशा अर्थाचा. तिथे टोरंटोत गॅरी ब्लॉक नावाचे फॅमिली डॉक्टर पेशंटला हक्काचे सरकारी पैसे मिळवून देणं हा उपचाराचाच भाग मानतात. मी तो प्रश्न आपल्या पद्धतीने विचारतो. हिंदीवाल्यांना, भैया महीने के आखिर में दवाई की खींचतान होती है क्या. मराठी घरात, काकू, महिनाअखेरीला औषधांची ओढाताण होते का हो. आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न, पैसे कमी पडले तर यातली कोणती गोळी आधी सोडता? सोडता का असं विचारलं तर नाही म्हणतील, कोणती सोडता विचारलं की बोटाने दाखवतात. बहुतेक वेळा सगळ्यात महाग गोळी सुटते, आणि ती कधीकधी हार्टची असते. तीस वर्षांत या प्रश्नाला कोणी रागावलेलं मला आठवत नाही. उलट माणूस खुर्चीत जरा मागे टेकून बसतो.

वेळेचं उत्तर, एका भेटीत एकच प्रश्न. आपलं फॅमिली डॉक्टरांचं बळ हेच आहे की पेशंट परत येतो. मोठ्या हॉस्पिटलात त्याला एकदाच बघतात, आपण वर्षात आठ वेळा बघतो. आज विचारलं घरी कोण कोण, पुढच्या वेळी सकाळी पोटात पहिलं काय जातं आणि किती वाजता, त्याच्या पुढच्या वेळी कामाची पाळी कोणती. वर्षभरात घर कळतं, आणि प्रत्येक वेळी अर्धा मिनिटसुद्धा जात नाही. आणि स्टाफला धरा. कंपाउंडर, रिसेप्शनची ताई, ड्रेसिंगवाला, यांच्याशी पेशंट जास्त बोलतो, माझ्यासमोर तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करतो आणि बाहेर बाकावर खरं सांगतो. मी शनिवारी दुपारी ताईबरोबर दहा मिनिटं बसतो, कोणाचं काय चाललंय एवढंच. मात्र तिला पहिल्या दिवसापासून बजावलेलं आहे की इथलं ऐकलेलं इथेच.

लिहून ठेवा, पण कुठे लिहिता ते बघा. पेशंटच्या फाईलवर कधीही लिहू नका, ती फाईल घरी जाते, सासू वाचते, शेजारचा मेडिकलवाला वाचतो. मी माझ्याकडच्या कार्डावर खुणेने लिहितो. ही काळजी सगळ्यात जास्त लागते ती मारहाणीच्या केसमध्ये. सूनबाई वारंवार डोकं दुखतं म्हणून येते, नवरा दर वेळी केबिनमध्ये सोबत, उत्तरंही तोच देतो. अशा वेळी मी नवऱ्याला जुना रिपोर्ट शोधायला बाहेर ताईकडे पाठवतो, किंवा वजन करायच्या निमित्ताने तिला पडद्याआड नेलं जातं, ताईच बरोबर असते, आणि तिथे एकच प्रश्न, घरी कोणी हात उचलतं का. हो म्हणाली तरी लगेच पोलीस, केस असं सुरू करायचं नाही, कारण रात्री त्याच घरात तिला जायचंय. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी पाठ करून घ्यायचा, कागदावर द्यायचा नाही. पुढची तारीख जवळची द्यायची. ठरवायचं तिने, आपण दार उघडं ठेवायचं.

हे ठरवायचं तिने, हे मी एका चुकीतून शिकलो. ती केस मारहाणीची नव्हती. परिस्थिती म्हटलं की आपल्याला फक्त गरिबी दिसते, पण लोकमान्य नगर, राजेंद्र नगरच्या मराठी वस्तीत जे आजी-आजोबा आहेत त्यांचं काय? पेन्शन आहे, स्वतःचं घर आहे, मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात. एक आजी दर मंगळवारी छातीत धडधडतं म्हणून यायच्या. ईसीजी तीनदा नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन बरं. चौथ्यांदा मी विचारलं की आजी सोमवारी काय असतं? तर आजोबा सोमवारी गेले होते. सोमवारची रात्र त्यांना एकटीने काढवत नव्हती. हे कळल्यावर मला वाटलं आपण आता मदत केली पाहिजे, आणि मी त्यांना न विचारता त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा घाबरून दोन दिवसांत आला, आईला घेऊन जायचं बोलायला लागला, आजींना वाटलं डॉक्टरने माझं घर सोडवायला घेतलं. चार महिने त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत, दुसरीकडे झोपेच्या गोळ्या घेत होत्या. मी घरी जाऊन माफी मागितली. नंतर त्यांनीच सांगितलं की त्यांना मुलगा नको होता, सोमवारी संध्याकाळी कोणीतरी बोलायला हवं होतं. मग शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळातल्या एक काकू, त्याही माझ्याच पेशंट, त्यांना आजींच्या परवानगीने सांगितलं, त्या सोमवारी न्यायला यायला लागल्या. पुढे दोघी मिळून सानंद या इथल्या संस्थेच्या मराठी नाटकांनाही जायच्या. धडधड पूर्ण गेली नाही, पण मंगळवारची चक्कर बंद झाली. इंग्लंडमध्ये २०१९ पासून यासाठी सरकारी दवाखान्यांना जोडून पगारी माणसं नेमली आहेत, डॉक्टर औषधाऐवजी पेशंटला बागकामाच्या, गाण्याच्या गटाकडे, कर्जाच्या सल्ल्याकडे पाठवतो. आपल्याकडे तसं कोणी नेमलेलं नाही, पण भजनी मंडळं, मित्रमंडळं, सकाळी बागेत फिरणारी मंडळी ही इंदूरच्या मराठी वस्तीत जागोजागी आहेत, फक्त डॉक्टरला त्यांच्यातल्या एकाचा तरी फोन नंबर माहीत पाहिजे. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, हेही असू द्या.

दुसरी चूक पैशाची. सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटला मी औषधासाठी दोन हजार रुपये दिले. तो परत करू शकला नाही आणि लाजेने यायचा बंद झाला, पुढे त्याला लकवा मारला तो दुसऱ्याच डॉक्टरकडे. तेव्हापासून मी उसने देत नाही. फी सोडतो, जनऔषधीच्या, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या, दुकानात पाठवतो, सॅम्पल असतील तर देतो, पण कोणाच्या डोक्यावर माझं कर्ज ठेवत नाही.

टीबीबद्दल थांबून लिहायला हवं कारण तिथे जेवण हेच औषध आहे असं आता आकड्यांनी दिसलंय. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांनी २०१९ पासून एक मोठा प्रयोग केला, टीबीच्या पेशंटना दोन्ही गटांत धान्य दिलं, पण घरच्या माणसांना एकाच गटात दिलं, तांदूळ, डाळ, व्हिटॅमिन. घरची मिळून १०,३४५ माणसं होती. २०२३ मध्ये निकाल छापून आले, ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं तिथे नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाच्या, थुंकीत सापडणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. एखाद्या लसीने एवढं केलं असतं तर आपण पेढे वाटले असते. माझ्याकडे सियागंजात हम्मालीचं काम करणारा एक मुलगा होता, वजन एकोणचाळीस किलो, एका खोलीत सहा जण झोपायचे. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते, पैसे महिन्याला ५०० मिळायचे तेव्हा, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत, पण त्याला चार महिने एक रुपया आला नव्हता कारण बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणून मी रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा डोस तपासत बसलो होतो आणि खरी अडचण बँकेच्या काउंटरवर होती. माझा कंपाउंडर एका दुपारी त्याच्याबरोबर गेला, काम झालं. त्या मुलाचं वजन दर पंधरा दिवसांनी बघणं हे मी एक्सरे बघण्याइतकंच मनावर घेतो आता.

म्हणून आपल्याकडच्या योजनांची जुजबी माहिती ठेवा, सगळी नको, पाठ तर मुळीच नको. समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाचा नंबर, आहे का, रेशनची पात्रता पर्ची आहे का, आयुष्मान कार्ड काढलंय का, एवढे तीन प्रश्न मध्य प्रदेशात बरीच दारं उघडतात. आयुष्मानमध्ये घरामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन उपचार मिळतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्यांना उत्पन्न न बघता कार्ड मिळतं, हे आपल्या मराठी पेन्शनर मंडळींना बऱ्याच जणांना माहीतच नाही, त्यांना वाटतं ते गरिबांचं आहे. याच मंडळींना मी सगळ्यात जास्त वेळा सांगतो.

एक सीनियर मला म्हणाले होते की हे सगळं सरकारचं काम, तू का डोकं लावतोस. सरकारचं आहेच, ते मी नाकारत नाही. पण १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने हिंदुस्थानातला डॉक्टर कसा असावा हे लिहिताना सोशल फिजिशियन, म्हणजे समाजाचा डॉक्टर, हाच शब्द वापरला होता, आणि त्याहून जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८४८ मध्ये, व्हिर्शो नावाचा जर्मन डॉक्टर टायफस या उवांमुळे पसरणाऱ्या तापाची साथ बघायला तेव्हाच्या प्रशियातल्या सायलेशियात गेला आणि परत येऊन शिक्षण, रस्ते, कमी कर आणि लोकांच्या हातात कारभार असं लिहून दिलं. त्या दोघांचीही नावं आपण परीक्षेपुरती पाठ केली. मला तुमच्या पिढीकडून आशा आहे, तुम्हाला निदान फॅमिली मेडिसिन म्हणून हे शिकवलंय, आम्हाला तेही नव्हतं.

एक मात्र सांभाळा. सगळ्या पेशंटच्या सगळ्या अडचणी घरी नेऊ नका, पहिल्या वर्षी ते होतं, रात्री झोप लागत नाही आणि मग माणूस कडक होतो आणि विचारणंच बंद करतो. मी दोन चांगले डॉक्टर असे कडक झालेले पाहिलेत. ज्याचं काही करता येत नाही त्यालाही हे मला समजलं, पुढच्या आठवड्यात या, एवढं म्हणा, पेशंटला तेवढंही पुष्कळ वेळा पुरतं, तो काही आपल्याकडून घर बांधून मागत नसतो.

सुरुवात कुठून करायची विचारलंत. सोमवारी ओपीडीत शुगरचे जे पाच पेशंट कंट्रोलमध्ये नाहीत त्यांची कार्डं आधी काढून ठेवा, त्यांची गोळी वाढवायच्या आधी प्रत्येकाला विचारा की सकाळी पोटात पहिलं काय जातं आणि किती वाजता. टेबलाच्या काचेखाली १८१, १४५६७, १४४१६ आणि जवळच्या जनऔषधी दुकानाचा नंबर असा एक कागद ठेवा, फक्त तुम्हाला दिसेल असा. आणि त्या पाचातल्या ज्याचं उत्तर ऐकून तुम्हाला प्रिस्क्रिप्शन बदलावंसं वाटेल ते कार्ड संध्याकाळी वडिलांना दाखवा.